तुमच्याकडे तंत्र म्हणजे काय?

सरकारी दवाखान्यात आप्पांच्या उजव्या हाताला प्लास्टर घालायची तयारी चालली होती. जिन्यावरून पडून मनगट टम्म सुजलं होतं आणि केरळची एक नर्स इंजेक्शन भरत होती. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, नाहीतर ज्यानं जिना धुतला त्याला शिव्या घालतो. आप्पांनी मान वर करून नर्सला विचारलं, "सिस्टर, आपके यहाँ तंत्र किसको बोलते?"

नर्स दचकली. म्हाताऱ्यावर कुणी करणी केलीय असं तिला वाटलं असावं. इथे तसलं काही चालत नाही, डॉक्टर चांगले आहेत, असं तिनं हिंदीत समजावलं. आप्पा ऐकतात थोडेच. करणीचं नाही, शब्दाचं विचारतोय, तुमच्या गावात हा शब्द कुणाला लावतात? शेवटी सुई टोचता टोचता ती म्हणाली की मोठ्या देवळात जे सर्वांत वरचे पुजारी असतात त्यांना आम्ही तंत्री म्हणतो. आप्पा सुईसकट उठून बसले. "मास्तर, लिहा."

लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहिलं. थोड्या वेळानं डॉक्टर आले. त्यांनी तो कागद उलटा धरला आणि 'केरळ, मुख्य पुजारी' एवढं वाचून आप्पांकडे बघितलं. आप्पांनी त्यांना हात जोडायचा प्रयत्न केला, पण एकच हात वर आला.

हे आमचे रघुनाथ आप्पा. मूळचे पारोळ्याकडचे. घरी बापाचा हातमाग होता, त्यावर लुगडी निघायची. लुगडी नेसणाऱ्या गेल्या, बाप गेला, माग सरपणात गेला आणि आप्पा विशीत सुरतेला आले. बायको वारली, मुलगी शिरपूरला दिलेली. नवागामात माझ्या खोलीला लागून त्यांची खोली होती, आणि उधन्याकडच्या ज्या लूम्सच्या खात्यात ते कामाला होते तिथेच मी हजेरी मास्तर होतो. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. दारापाशी माझं टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि माझ्या चेहऱ्यावर, बायको म्हणते त्याप्रमाणे, कलेक्टरचा भाव.

आप्पांना हे वेड लावलं मी. ते कबूल केलेलं बरं. जळगावच्या कॉलेजात दोन वर्षं संस्कृत घेऊन मी नापास झालो होतो, आणि नापास झालेल्या माणसाला आपलं ज्ञान कुठेतरी खपवायचं असतंच. एकदा शेठच्या पुतण्यानं खात्यात येऊन सगळ्यांना झापलं. तुम्हा लोकांना अक्कल नाही, तुम्ही सगळं तंत्र बिघडवून टाकता, असं काहीसं गुजरातीत बोलला. तो गेल्यावर चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, मी सहज म्हणालो की ह्या गाढवाला ठाऊक नाही, तंत्र म्हणजे मुळात मागच. तन् म्हणजे ताणणं. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, ज्यावर ताणतात ते तंत्र. राज्याचं तंत्र, कारभाराचं तंत्र, हे सगळं नंतरचं.

आप्पांचा कप हातातच राहिला.

"मास्तर, खरं सांगा. मन्ही थट्टा करी राहयनात का तुम्ही?"

थट्टा नाही म्हटल्यावर ते कप तसाच ठेवून खात्यात परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी उभे राहिले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. म्हणाले, "हाऊ शब्द आपला शे." आणि तिथून पुढे सात-आठ वर्षं त्यांनी ह्या एका शब्दामागे माझा आणि सुरतेतल्या निम्म्या कारागिरांचा जीव खाल्ला.

आमच्या खात्यात सगळा देश भरलेला. ओरिसाचे, आंध्रचे, बिहारचे, यूपीचे, आणि आम्ही खानदेशी. आप्पा एकेकाला गाठून विचारायचे, तुमच्याकडे तंत्र म्हणजे काय? आणि उत्तर आलं की डोळे बारीक करून म्हणायचे, "मूळ बघा, मूळ." लिंबायतमध्ये राहणारा व्यंकटी तेलुगू. तो म्हणाला, आमच्यात तंत्रम म्हणजे लबाडी, डावपेच. आप्पांना हे इतकं लागलं की दोन दिवस त्यांनी व्यंकटीच्या मागाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन त्याला सांगून आले की तुझंही बरोबर आहे, चार हजार तार एकमेकांत न गुंतू देता न्यायचे म्हणजे थोडी लबाडी लागतेच. व्यंकटी तोवर सगळं विसरला होता.

चहाची लारी चालवणारा गुजराती. तो आप्पांना कंटाळून एकदा मला म्हणाला, "आ माणस तंत मूकतो ज नथी." हा माणूस हट्ट सोडतच नाही. आप्पांनी ते ऐकलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. आप्पांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं, तंत म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं आणि त्याच्याकडून आणखी एक चहा घेतला. मराठीतला तंटासुद्धा त्याच घरातला, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, आप्पा, तसा पुरावा नाही. त्यावरून ते माझ्याशी आठवडाभर भांडले.

माझ्या बायकोलाही त्यांनी सोडलं नाही. ती त्यांना रोज कळण्याची भाकर आणि ठेचा द्यायची. एकदा ताट पुढे ठेवताना ती बोलून गेली की ह्यांच्या तंत्रानं चालता चालता माझं आयुष्य गेलं. आप्पांनी घास खाली ठेवला. "वहिनी, परत सांगा." तिनं मोठ्या आनंदानं दोनदा सांगितलं. तेव्हापासून ती आप्पांना तूप जास्त वाढायची.

एके दिवशी ते सुट्टी टाकून शहरात गेले. गुजराती पेपरच्या संपादकाला तंत्री म्हणतात, हे त्यांना पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात सापडलं होतं. ते थेट एका पेपरच्या कचेरीत गेले आणि शिपायाला म्हणाले की तंत्रीसाहेबांना सांग, मागवाला आलाय, नात्यातला आहे. शिपायानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी रांगेत उभं केलं. दीड तास उभं राहून नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, काय हरवलंय? आप्पा परत आले. मला हे सगळं सांगताना ते हसत होते, मीही हसलो. आता वाटतं, त्यांचं हसणं आणि माझं हसणं वेगळं होतं.

पंधरा ऑगस्टला शेठ खात्याच्या अंगणात झेंडा लावायचे. पेढे वाटायचे आणि कारागिरांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत असा आग्रह धरायचे. एका वर्षी आप्पा पुढे झाले. आप्पा म्हणाले की स्व म्हणजे स्वतःचं, तंत्र म्हणजे माग. ज्याचा माग स्वतःचा तो स्वतंत्र, आणि जो दुसऱ्याच्या मागावर बसतो तो परतंत्र. मग शेठकडे वळून अगदी आदरानं म्हणाले, "शेठ, ह्या अंगणात तुम्ही एकटेच स्वतंत्र आहात." शेठना ती स्तुती वाटली. "बहु सरस, आप्पा, बहु सरस," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं आप्पांना दोन पेढे जास्त दिले. आप्पांनी ते घरी आणून माझ्या पोरींना वाटले.

मग एक लिंबांचा काळ आला. बिहारच्या कुणीतरी गल्लीत पसरवलं की हजेरीवाल्याच्या शेजारचा म्हातारा तंत्र जाणतो. झालं. संध्याकाळी आप्पांच्या दाराशी बाया उभ्या राहू लागल्या. कुणाचं मूल रडतं, कुणाचा नवरा घरी येत नाही. हातात लिंबू, मिरच्या, कुठे काळा दोरा. आप्पा प्रत्येकीला बसवून घ्यायचे आणि तन् धातूपासून सगळं समजावून सांगायचे. त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण कुणीतरी पंधरा मिनिटं आपल्याशी नीट बोललं, एवढ्यावर त्या बरं वाटून परत जायच्या. लिंबं मात्र ठेवून जायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्या चाळीत सरबताला तोटा नव्हता.

हे सगळं वाचून आप्पा म्हणजे रिकामटेकडा माणूस वाटेल. तसं नव्हतं. त्यांचं काम खात्यातलं सर्वांत किचकट. ते बीम पसारायचे. बीम म्हणजे ताण्याचा भला मोठा रूळ. त्यावरचा एकेक तार, म्हणजे धागा, राच नावाच्या टांगत्या चौकटीच्या बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घेतल्याशिवाय माग चालू होत नाही. हे एकट्याचं काम नाही. दोन माणसं समोरासमोर बसतात आणि मध्ये राच टांगलेली असते. पलीकडचा एक तार बोटांनी वेगळा काढून पुढे धरतो, अलीकडचा डोळ्यातून आकडी घालून तो ओढतो. धरला, ओढला. धरला, ओढला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक तार चुकला तर सगळ्या कापडात शेवटपर्यंत रेघ पडते.

ओढणारे आप्पा. धरणारा बनमाळी.

बनमाळी ओरिसाचा, चाळिशीचा, काळा, शिडशिडीत, आणि बोलण्याच्या बाबतीत कंजूष. त्याला मराठी येत नव्हतं, गुजराती येत नव्हतं, हिंदी येत होतं ते ठेच लागल्यावर तोंडातून निघावं तितकंच. आप्पांनी अर्थात त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, तंत. आणि बोटानं मागाकडे दाखवलं. आमच्याकडे ह्याला तंत म्हणतात, आणि विणणाऱ्याला तंती.

त्या दिवशी आप्पांनी आपलं काम अर्ध्यावर सोडलं, असं आठ वर्षांत एकदाच झालं. ते धावत माझ्या टेबलापाशी आले. सगळ्या देशात शब्द फिरला, कुठे पुजारी झाला, कुठे लबाड झाला, कुठे पेपर चालवू लागला, पण ओरिसात तो अजून मागावरच बसलाय, असं ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू येत होतं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

त्यानंतर ते दोघं समोरासमोर बसले की त्यांचं काहीतरी चालायचं. आप्पा अहिराणीत बोलायचे, बनमाळी उडियात. पारोळ्याचा माग, बापाची लुगडी, शिरपूरची मुलगी, सगळं आप्पांनी त्या तारांच्या पडद्यातून त्याला सांगितलं. त्याला काय कळत होतं कोण जाणे. मी एकदा विचारलं तर आप्पा म्हणाले की कळायला कशाला पाहिजे, तो तार धरतो ना. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. बनमाळी भातावर पाणी घालून खायचा आणि आप्पा त्यात माझ्या बायकोचा ठेचा कालवायचे. आठ वर्षं एवढंच.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. त्याचं वर्णन मी करणार नाही, पेपरात तेव्हा पुष्कळ आलं होतं. दोन-तीन दिवसांत शहर रिकामं झालं. बायकोला आणि पोरींना मी भुसावळच्या गाडीत खिडकीतून आत ढकललं आणि खात्याची किल्ली शेठकडे द्यायला परत आलो. तेव्हा खात्यात आप्पा आणि बनमाळी दोघंच होते. मोठी बीम निम्मी पसारून झाली होती. बाहेर बनमाळीच्या खोलीतली माणसं बोचकी घेऊन त्याला हाका मारत होती. तो उठत नव्हता. आप्पांनीच त्याला उठवलं. बनमाळीनं उरलेल्या तारांच्या जुड्या बांधल्या, गुंतू नयेत म्हणून, आणि बोटानं बीम दाखवून छातीवर हात ठेवला. मी येतो, असं ते असावं. आप्पांनी आपला डबा त्याच्या बोचक्यात खुपसला.

आप्पा कुठेच गेले नाहीत. मुलीनं निरोपावर निरोप पाठवले. ते म्हणाले, बीम अर्धी आहे.

खातं दोन आठवड्यांनी उघडलं. अर्धे लोक परत आले होते, आणि दारापाशी नवे लोक उभे होते, कारण बाकीची खातीही अशीच रिकामी झाली होती. शेठनं मला सांगितलं की एका आठवड्यात जो येणार नाही त्याचं नाव कापून टाका. "नाम कापी नाखो, मास्तर." आप्पांना त्यांनी नवा माणूस जोडीला दिला. आप्पांनी त्याला स्टुलावर बसू दिलं नाही. आमच्याकडे ज्या जोडीनं बीम धरली तीच उठवते, असं त्यांनी शेठना सांगितलं. असा रिवाज पसारणाऱ्यांत आहे खरा, एकाच्या हाताच्या सवयीत दुसऱ्याचा हात बसत नाही. पण शेठना एवढंच दिसत होतं की माग उभा आहे. आठवडा संपला. मी लाल शाईनं बनमाळीच्या नावावर रेघ मारली. सकाळी मारली, आणि दुपारी नेहमीसारखा जेवलो.

मग आप्पांनी एक प्रकार सुरू केला तो बघायला लोक आपले माग थांबवून यायचे. ते एकटेच बीम पसारू लागले. पलीकडे जायचे, स्टुलावर न बसता वाकून एक तार सुटा करायचे, तो चिमटीत अडकवायचे, बीमला वळसा घालून अलीकडे यायचे, आकडी घालून ओढायचे, परत पलीकडे. धोतराचा सोगा खोचलेला, कपाळावर घाम. जोडीनं जे काम अर्ध्या दिवसात झालं असतं त्याला त्यांना चार दिवस लागले. व्यंकटीनं त्यांचे फेरे मोजायला सुरुवात केली. मीसुद्धा दोनदा जाऊन बघून आलो, आणि हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, बनमाळी आला.

माझ्या टेबलासमोर उभा राहिला. आणखी वाळलेला, गालफडं आत गेलेली. सुरतेहून आला म्हणून गावानं त्याला वेशीबाहेर शाळेत ठेवलं होतं, त्यात दिवस गेले, एवढं त्याच्या तुटक हिंदीतून मला कळलं. हातात आप्पांचा डबा होता, घासून लख्ख केलेला. मी त्याला रजिस्टर उघडून लाल रेघ दाखवली. नाव कापलंय, जागा भरलीय. जागा भरलेली नव्हती, हे मला माहीत होतं. त्यानं रेघेकडे बघितलं आणि विचारलं, "आप्पा?"

आप्पा वीस पावलांवर बीमभोवती फिरत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मग आप्पांनी त्याला हाताला धरून आत नेलं असतं, शेठ आले असते, आप्पांनी त्यांना सगळं सुनावलं असतं आणि नाव कापलेल्या माणसाला आत कुणी घेतलं हे शेवटी माझ्यावर आलं असतं. हा सगळा विचार मी एका क्षणात केला. भित्रा माणूस फार भरभर विचार करतो. मी म्हणालो, आप्पा कामावर आहेत, शिफ्टमध्ये भेटता येत नाही. तो तिथेच उभा राहिला. मी वॉचमनकडे बघितलं. वॉचमननं त्याच्या खांद्याला हात लावला. बनमाळीनं डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

डबा मी घरी नेला आणि माळ्यावर टाकला.

बीम पूर्ण झाली. कापडात एकही रेघ पडली नाही. आप्पांना नवा जोडीदार मिळाला, तो तार बरा धरायचा. पण आप्पा रोज सकाळी माझ्यापाशी थांबून विचारायचे, बनमाळीचं काही कळलं? मी म्हणायचो, नाही. पहिल्यांदा हे जड गेलं, मग जिभेला सवय झाली. रविवारी ते पांडेसऱ्याला उडिया लोकांच्या खोल्यांत जाऊन विचारून यायचे. त्याच्या खोलीतले कुणीच परतले नव्हते, नवे आलेले म्हणायचे की बनमाळी नावाची माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. शब्दाचं विचारणं आप्पांनी बंद केलं. शेठ मला म्हणाले, डोसो सुधरी गयो. म्हातारा सुधारला. खात्यात सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

दिवाळीनंतर खातं उघडलं त्या दिवशी आप्पा आले ते मला ओळखूच आले नाहीत. मिशी नव्हती. डोकं तुळतुळीत. मी घाबरून विचारलं, शिरपूरला काही...? ते म्हणाले, मुलगी बरी आहे. बनमाळीचं करून आलो.

त्यांनी मनाशी धरलं होतं की तो प्लेगानं गेला. गेला नसता तर आला असता, छातीवर हात ठेवून गेला होता. त्याच्या घरी कुणाला कळलं असेल नसेल. म्हणून आप्पा तापीवर गेले, मिशी उतरवली, भटजींकडून पिंड ठेवून घेतला. भटजींनी मयताचं गोत्र विचारलं, आप्पांना ठाऊक नव्हतं, तेव्हा भटजींनी कश्यप लावून दिलं. कावळा लगेच शिवला, आप्पा म्हणाले. घास ठेवून हात मागे घेतला तोच शिवला, म्हणजे त्याची काही इच्छा राहिलेली नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं.

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. आप्पा सुखी होते, शेठ सुखी होते. पण त्या उघड्या वरच्या ओठाकडे मला बघवेना. पन्नास वर्षं मिशीखाली राहिलेला तो ओठ पांढरा, मऊ, एखाद्या मुलाच्या ओठासारखा होता. मी म्हणालो, "आप्पा, तो जिवंत आहे. येऊन गेला."

त्यांनी टेबलाची कड धरली. "कव्हय?"

मी सांगितलं. कोणता दिवस, किती वाजता. ते तेव्हा काय करत होते. मी काय बोललो, वॉचमनकडे कसं बघितलं. डब्याचंही सांगितलं. आप्पा ओरडले असते, त्यांनी मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. मुलीला लिहायला घेतलेलं असावं.

"त्यानं गाव सांगा, मास्तर. पत्र टाकस मी."

"तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी मान हलवली. आठ वर्षं समोर बसला, म्हणाले, आणि माझं सगळं मी त्याला सांगितलं, त्याला मात्र मी तो एकच शब्द विचारला. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे म्हणाले, "तुमना रजिस्टरमा व्हई ना. गावना रकाना शे ना त्याम्हा."

रकाना होता. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे फिरवलं. आप्पांनी लाल रेघेखालचं नाव शोधलं आणि बोट उजवीकडे नेलं. गावाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ओरिसा. त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. ओरिसा. त्याच्या खाली, ओरिसा. त्या लोकांची नावं लिहिताना मी गाव कुणालाच विचारलं नव्हतं. आमच्या खानदेशी माणसांपुढे तालुका, जिल्हा आणि पोस्टसुद्धा लिहिलेलं होतं.

अशी अठरा नावं होती. आप्पांनी सगळ्या ओळींवरून बोट नेलं, एकही सोडली नाही. मग रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं, ते कोरं कार्ड त्याच्यावर ठेवलं आणि आत जाऊन आपल्या स्टुलावर बसले.